वन्संची शुद्ध माती

अख्ख्या भिवंडीत असं अंगण सापडणं कठीण, ज्यातली चमचाभर माती आमच्या वन्संच्या फडताळात नाही. माणसं परगावी गेली की पेढे आणतात, चिक्की आणतात. वन्संनी मात्र लग्नाला, बारशाला, दहाव्याला, जिथं म्हणून पाऊल टाकलं तिथून माती आणली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, जॅमच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, सगळ्यांत माती. प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि तिच्यावर शिक्षकी वळणाच्या अक्षरात जागेऐवजी माणसाचं नाव. त्यामुळे फडताळ उघडलं की 'पाटील वकील', 'रुखसानाची मोरी', 'सायझिंगवाल्याची सासू' अशी मंडळी एका रांगेत बसलेली दिसायची. लग्न होऊन मी गणेशपुरीहून कामतघरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या फडताळात साखर शोधायला गेले आणि सासूबाईंच्या नावाची बरणी हातात आली. सासूबाई तेव्हा चांगल्या हयात होत्या, चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मी बरणी होती तशी जागेवर ठेवली आणि चहा गुळाचा केला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. सासऱ्यांची खाडीच्या कडेला भातशेती होती आणि एक लहानशी होडी होती. लेकीला ते होडीत घालून न्यायचे, आणि घरी परतताना तिच्या फ्रॉकच्या ओच्यात कोलंब्या उड्या मारत असायच्या, असं सासूबाई सांगायच्या. पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली, खाडीला रंग चढले आणि कोलंबी बाजारातून विकत यायला लागली. वन्सं शिकत गेल्या. घराण्यातली पहिली पदवी त्यांची, तीही रसायनशास्त्रात. शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या निवृत्त होईपर्यंत शिकवत होत्या. आम्ल आणि अल्क शिकवताना उदाहरणं थेट गावातल्या गटारांची द्यायच्या, त्यामुळे डाइंगवाल्यांची, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांची, मुलं त्यांच्या तासाला हटकून मागच्या बाकावर बसत. वर्गात त्यांचं मराठी पाठ्यपुस्तकातलं, कामगारांच्या चाळीत गेल्या की हिंदी, आणि ह्यांच्यावर, म्हणजे स्वतःच्या धाकट्या भावावर, रागावल्या की सरळ घरची बोली. "तू गप रं बाबू, तुना त्यातला काय समजत न्हाय," हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकू यायचं की पाहुण्यांना ते भावाबहिणीचं लाडाचं बोलणं वाटे. आणि तसं ते होतंही.

त्यांचं लग्न का झालं नाही, याची एक हकिकत सासूबाई हसत सांगायच्या आणि सांगून झाल्यावर पदराने डोळे पुसायच्या. एक स्थळ आलं होतं, चांगलं घरंदाज. मुलगा देखणा, मितभाषी, कपडे रंगवण्याचा कारखाना घरचाच. वन्सं पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, खाली बसल्या आणि मुलाचे काका 'काही विचारायचं असेल तर विचार हो मुली' असं म्हणाले. लोक हे वाक्य रीत म्हणून बोलतात. वन्संनी ते खरं धरलं आणि विचारलं, "कारखान्याचं पाणी कुठं सोडता?" काका अभिमानाने म्हणाले, "आपल्याला कसली अडचण? पाठीमागेच खाडी आहे की." "म्हणजे आमच्या दारातच," असं म्हणून वन्संनी पोह्यांचा ट्रे उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्यानंतरही दोन-तीन स्थळं आली, पण बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. वन्संना त्याची खंत होती का, हे मला कधी कळलं नाही. एकदा भांडी आवरताना त्या आपण होऊन म्हणाल्या होत्या, "तो मुलगा वाईट नव्हता गं. मी पाण्याचं विचारलं तेव्हा त्यानं काकांकडे बघितलं होतं." एवढंच. मीही पुढे विचारलं नाही.

संध्याकाळ झाली की वन्सं खाडीवर जायच्या. हातात दोरी, दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा, खांद्याला कापडी पिशवीत बाटल्या. डबा पुलावरून खाली सोडायचा, पाणी वर ओढायचं, उजेडाकडे धरून बघायचं, वास घ्यायचा आणि मान हलवायची. येताना रिक्षात बसल्या की रिक्षावाला नाकाला रुमाल लावायचा आणि त्या त्याला रुमालाने काही उपयोग नाही हे रसायनशास्त्राच्या आधारे समजावून सांगायच्या. पाण्याच्या रंगावरून त्यांना कोणत्या रंगाचं कापड सध्या निघतंय ते कळे. "यंदा मोरपंखी चालणार," असं त्यांनी एकदा जेवताना जाहीर केलं. मी गंमत म्हणून दिवाळीला मोरपंखी साडी घेतली, आणि खरोखर त्या वर्षी लग्नसराईत जिकडे तिकडे मोरपंखीच. तेव्हापासून माझ्या माहेरच्या बायका साडी घेण्याआधी मला फोन करून विचारायच्या, "वन्संची खाडी काय म्हणते?" वन्संना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "त्यांना सांग, साडी नेसून झाली की उरलेला रंग आमच्याकडे असतो," असं म्हणाल्या.

अशा माणसाशी बोलायला लोक कचरतात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची, कारण बसणाऱ्याला मसालेभाताबरोबर क्रोमियम ऐकावं लागे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी बायकांना वाण दिलं आणि बदल्यात प्रत्येकीने आपल्या दारातली मूठभर माती आणून द्यावी अशी विनंती केली. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला मी, सासूबाई आणि रस्ता चुकलेली एक बाई एवढ्याच होतो. आमच्या घरामागे चाळी आणि नव्या इमारती यांच्या मधोमध पोरांचं खेळायचं एक मैदान आहे. तिथल्या धुळीने पोरांचे पाय खाजतात, मैदानाखाली काहीतरी पुरलेलं आहे, असं वन्सं सांगत फिरू लागल्या तेव्हा इमारतींच्या कमिटीने त्यांना मीटिंगला बोलावलं आणि चेअरमननी हात जोडून सांगितलं, "बाई, तुम्ही आमच्या मोठ्या बहिणीसारख्या. पण हे बोलणं बाहेर गेलं तर इथं फ्लॅट कोण घेईल?" त्याच दिवशी त्यांना आळीच्या मोबाईलवरच्या गटातून काढून टाकलं. वन्संना ते कितीतरी दिवस कळलंच नाही. 'हल्ली गटावर कोणी काही बोलत नाही, सगळे कामात दिसतात,' असं त्या मला म्हणाल्या, आणि मी 'हो' म्हटलं.

सासूबाई गेल्यावर खालचा मजला वन्संचा एकटीचा झाला. आम्ही वर. त्यांचा स्वयंपाक वेगळा, कारण जेवायची वेळ त्यांना पाळता येत नसे. एखादी बाटली निवळायला ठेवली की त्या तिच्यासमोर बसून राहायच्या, आणि पाणी निवळेपर्यंत वरण आटून करपलेलं असायचं. दुपारी जिन्यातून त्यांचा आवाज यायचा. मला वाटे कोणी आलंय. मग लक्षात यायचं, त्या बरण्यांशी बोलतायत. "पाटील वकील, तुम्ही बरे निघालात हो," अशा आवाजात, जसं एखादी म्हातारी मांजराशी बोलते. खाली जाऊन बसावं असं वाटायचं. पण मी गेले की त्या आनंदाने इतकं बोलायच्या, एकावर एक, श्वास न घेता, की थोड्या वेळाने मलाच दमायला व्हायचं.

माणसांपर्यंत पोचायची त्यांच्याकडे एकच वाट होती, आणि ती म्हणजे भाजी. आमचं जुनं घर सखल जागेत होतं. ते पाडून ह्यांनी नवं बांधलं तेव्हा मागे वन्संसाठी मोकळी जागा ठेवली. बांधकाम होईतो आम्ही बायका लांब भाड्याच्या खोलीत होतो, परस आम्ही तयार झालेलंच बघितलं. तिथं त्यांनी माठ, पालक, अळू लावलं, कुंपणाला दुधी चढवला, कोपऱ्यात शेवगा. बाजारातल्या पालेभाजीला त्या हात लावत नसत, ती कुठल्या पाण्यावर वाढते हे त्यांनी बघितलेलं होतं. आपल्या वाफ्यातली कोवळी पानं खुडायची, केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या आणि आळीत वाटत फिरायचं. मातीसाठी जी दारं उघडत नसत ती भाजीसाठी उघडत. "घ्या, शुद्ध मातीतली आहे," म्हणायच्या. चेअरमनच्या घरीसुद्धा जुडी जायची. पाठीमागच्या चाळीतली रुखसाना, तिचा नवरा लूमवर रात्रपाळी करायचा, ती तर लाल माठासाठी दारात वाट बघत उभी असायची. तिच्या मुलीच्या हातापायांवर बारीक पुरळ यायचं. 'टीचर की भाजी' खाल्ली की रक्त शुद्ध होईल, असं तिने मनाशी धरलं होतं. वन्सं तिला जुडी मोठी बांधायच्या.

त्या मुलीच्या पायांमुळेच वन्संनी मैदानाचा नाद सोडला नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी ठाण्याला एका कॉलेजात शिकवतो, त्याच्याकडे तपासणीची सोय आहे. त्याला त्यांनी मैदानातल्या निरनिराळ्या कोपऱ्यांतली माती पाठवली. तो म्हणाला, "मॅडम, तुलनेसाठी एक स्वच्छ नमुना लागेल. त्याच परिसरातला, पण जिथं काही मिसळलेलं नाही असा." वन्संना एक क्षणही विचार करावा लागला नाही. त्यांनी परसातला शेवगा गाठला, बुंध्याशी वीतभर खणून पिशवी भरली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं. एवढ्या वर्षांत त्या फडताळात सगळ्या गावाची नावं लागली, वन्संचं नाव पहिल्यांदाच लागत होतं. मला त्यांनी ती पिशवी मुद्दाम दाखवली. नव्या साडीची घडी दाखवावी तशी.

विद्यार्थी फोन करेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो स्वतः आला. मी वरून चहा घेऊन गेले तर तो खुर्चीच्या कडेवर बसलेला आणि कपाकडे बघत नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "पिशव्यांची कुठं अदलाबदल तर नाही ना झाली?"

"माझ्या हातून?" वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

"म्हणून तर मी दोनदा तपासलं. मैदानाची माती खराबच आहे, तुमचं बरोबर होतं. पण..." तो थांबला. "तुमच्या घरची तिच्याहून वाईट आहे. शिसं तर खूपच. मॅडम, तिथली भाजी खाऊ नका."

वन्संनी त्याच्यापुढचा चहा उचलला, गार झालाय म्हणून माझ्या हातात दिला आणि दुसरा करायला सांगितलं. मी चहा करून परत खाली आले तेव्हा विद्यार्थी परसदारी उभा होता आणि वन्सं साडीचा काचा मारून कुदळीने खणत होत्या. त्याने कुदळ मागितली, त्यांनी दिली नाही. वरची माती तांबूस, भुसभुशीत, गांडुळं असलेली. ती सरली आणि खालून एक थर निघाला. राखाडी, मधूनच निळा, मधूनच जांभळट, एकावर एक पट्टे, जसे साडीच्या दुकानात तागे रचून ठेवावेत. वासासाठी वाकायची गरज पडली नाही. मी उंबऱ्यावर उभी होते, मला तिथं आला. शेवग्याची मुळं त्या पट्ट्यांतून सरळ खाली गेलेली दिसत होती.

हे संध्याकाळी गोदामावरच्या कामावरून आले. वन्सं खड्ड्याच्या कडेला बसून होत्या, खाडीवर गेल्या नव्हत्या. ह्यांनी खड्डा बघितला आणि पायातल्या चपला काढल्या, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"भराव हाय तो," हे म्हणाले. "घर बांदलं तवाचा. जागा खोल व्हती ना, पाणी भरायचं. डाइंगवाला बोलला, डंपर रिकामे करायलाच जागा पायजेल हाय. मी बोललो, टाक."

"आन् मना न्हाय सांगितलास?"

"तुना बाग पायजे व्हती. म्हनून वरून दिघाशीची चांगली माती आणून टाकली. मामाच्या शेतातली. तुज्यासाठीच आणली ना."

"मना का न्हाय सांगितलास, बाबू?"

हे म्हणाले, "तू सगल्या गावाला इचारत फिरलीस, ताई. मना कवा इचारलास?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. हे तसं नव्हतं. दोघंही एकमेकांसमोर आले की ओशाळायचे आणि वाट बदलायचे. 'ह्याला सांग, पाण्याची मोटर लाव', 'तिला सांग, गॅसवाला येऊन गेला', असे निरोप घेऊन मी जिना चढत-उतरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. हातात पिशवी नव्हती, बाटली नव्हती. मी बरोबर गेले, कारण त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ज्या ज्या दारात त्यांनी आजवर जुडी दिली होती त्या त्या दाराची कडी त्यांनी वाजवली आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, कमी न करता, कारणं न देता. "मी तुम्हाला दिलेली भाजी खराब जमिनीतली होती. मला माहीत नव्हतं, पण मी तपासायला हवं होतं. घरात काही उरली असेल तर फेकून द्या. लहान मुलं असतील तर डॉक्टरांना दाखवून घ्या." एका काकूंनी तर 'अहो, छान लागायची' अशी समजूत घातली. चेअरमन आधी हसले, मग म्हणाले, "म्हणजे आमच्या मैदानाला नावं ठेवत होतात आणि विष तुमच्या परसात?" वन्सं म्हणाल्या, "हो. दोन्हीकडे आहे. माझ्याकडे जास्त." चेअरमनचं हसू तिथंच राहिलं.

रुखसाना शेवटी. तिने सगळं ऐकून घेतलं, मग मुलीला जवळ ओढलं. "टीचर, मैंने तो इसको ज़बरदस्ती खिलाया. ये रोती थी, फिर भी खिलाया."

"मालूम है," वन्सं म्हणाल्या. "अब डॉक्टर के पास चलते हैं. मैं साथ आती हूँ."

"आप रहने दो," रुखसाना म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, पण दार लावून घेतलं. वन्सं त्या दारासमोर बराच वेळ उभ्या होत्या. भिंतीपलीकडून माग चालल्याचा खडखडाट येत होता, शेजारच्या शेडमधला. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना वळवलं.

रक्ततपासणी आम्हीही करून घेतली. माझं आणि ह्यांचं काळजी करण्यासारखं निघालं नाही. रुखसानाच्या मुलीचंही थोडक्यावर निभावलं, हे तिच्या नवऱ्याने येऊन सांगितलं, ती आली नाही. वन्संच्या रक्तात शिसं जास्त निघालं. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं, वन्संना नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कोवळी पानं मी वाटायची. जून माझ्यासाठी राहायची." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. घरी येताना रिक्षात त्या एकदाही रसायनशास्त्र बोलल्या नाहीत.

मग सुरू झालं ते पोत्यांचं प्रकरण. वन्संनी मजूर लावून परस खणून काढलं, माठ, अळू, शेवगा सगळं मुळासकट. ती माती आणि तो पाला पोत्यांत भरून त्यांची तोंडं शिवून टाकली. एक बकरीवाला पाला मागायला आला तर त्याला तासभर बसवून बकरीच्या यकृताची माहिती दिली. पोती भरली, पण टाकायची कुठं? हे मला म्हणाले, "तिला सांग, डंपर बोलावतो. खाडीकडं नेऊन टाकील." मी खाली जाऊन सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "त्याला सांग, एकदा तसंच कुठूनतरी इकडं आलं होतं." मी तो निरोप वर नेला नाही. पोती वन्संच्या व्हरांड्यात रचली गेली, व्हरांडा भरला तेव्हा पुढच्या खोलीत, ताडपत्रीने गुंडाळून. माणसाने आपल्या पापांच्या गाठोड्यांबरोबर राहावं तशा त्या पोत्यांमध्ये राहत होत्या. पोस्टमन कुंपणावरून पत्र आत टाकायचा. कोणी पाहुणा आलाच तर वन्सं त्याला बसायला मोडा देत आणि म्हणत, "पोत्यांना पाठ टेकू नका फक्त."

प्रदूषणाच्या कचेरीत त्या मला घेऊन गेल्या. याआधी खाडीबद्दल त्यांनी तिथं इतक्या तक्रारी दिल्या होत्या की शिपाई त्यांना बघून साहेब जेवायला गेल्याचं सांगायचा, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. या खेपेला साहेब भेटले. तरुण होते, थकलेले दिसत होते. त्यांनी अर्ज वाचला आणि परत वाचला.

"यात तक्रारदार तुम्ही?"

"हो."

"आणि तक्रार कोणाविरुद्ध?"

"जागा माझ्या आणि माझ्या भावाच्या नावावर आहे. तेव्हा पहिलं नाव माझं. ज्याने भराव दिला त्याचा कारखाना अजून चालू आहे, त्याचं दुसरं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, माझ्याकडे लोक शेजाऱ्याची तक्रार घेऊन येतात. स्वतःची घेऊन आलेलं मी पहिल्यांदा बघतोय."

"मग लवकर या," वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे बसायला जागा कमी आहे."

ते आले. पोती बघून गेले, खड्डा बघून गेले, मैदानात खणून नमुने घेतले. या वेळी कमिटीने अडवलं नाही. ज्या बाईने स्वतःच्या घराचं नाव आधी लिहून दिलं तिला आकसाने बोलते म्हणण्याची सोय उरली नव्हती. ह्यांनाही जबाब द्यायला बोलावलं. मला वाटलं होतं हे कानावर हात ठेवतील. पण हे गेले आणि डंपर कुठून आले, कोणी भरले, मैदानातही त्याच गाड्या जाताना कशा बघितल्या, सगळं सांगून आले. घरी येऊन फक्त एवढंच म्हणाले, "सांगितलं." मी विचारलं, वन्संना कळवू का. "नको," म्हणाले.

पुढे सगळं सावकाश, सरकारी चालीने झालं. मैदानाला कुंपण पडलं, वरचा थर काढून नेला, आणि कारखान्याचा जो पाइप आमच्या बाजूच्या नाल्यात सुटायचा तो बंद झाला. खाडीला अजूनही रंग येतात, ते कुठून येतात हे वन्संना माहीत आहे आणि त्यांच्या तक्रारी चालूच आहेत. एके सकाळी बंदिस्त ट्रक आला आणि अशा मातीसाठी जी ठरलेली जागा असते तिकडे पोती घेऊन गेला. वन्सं फाटकाशी उभ्या राहून प्रत्येक पोतं चढताना बघत होत्या. ट्रक गेल्यावर रिकाम्या व्हरांड्यात आल्या आणि कुठं बसावं हे न कळून उभ्याच राहिल्या.

परसातला खड्डा तसाच होता. एका रविवारी हे टेम्पो घेऊन दिघाशीला गेले आणि मामाच्या शेतातली माती भरून आणली. टेम्पो फाटकाशी लावला आणि मला म्हणाले, "तिला सांग, माती आणलीय. तपासून घे म्हणावं. तवर गाडी हितंच राहील." वन्संनी एक शब्द न बोलता टेम्पोच्या चारी कोपऱ्यांतली माती घेतली आणि ठाण्याला पाठवली. टेम्पोवाला रोज फोन करून शिव्या घालायचा, हे रोज ऐकून घ्यायचे. अखेर विद्यार्थ्याचा निरोप आला. वन्सं जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा वर बघून हाक मारली, "बाबू, टाक माती."

खड्डा भरला. पण वन्संनी त्यात काही लावलं नाही. पावसाळा लागला, आळीतल्या कुंड्या हिरव्या झाल्या, वन्संचं परस उघडंच. मी एकदा विचारलं, "वन्सं, बी आणून देऊ का माठाचं?" त्या म्हणाल्या, "लावीन गं. पण देऊ कोणाला?" दारं सगळी होती तिथंच होती. लोक रस्त्यात भेटले की आता आदराने नमस्कार करायचे, चेअरमन तर वाकून करायचे. पण आदराने नमस्कार करणारा माणूस घरात येऊन बसत नाही. रुखसानाचं कुटुंब गावाकडे निघून गेलं, जाताना ती भेटायला आली होती, पण वन्सं तेव्हा खाडीवर होत्या.

आषाढात त्या परसात आपोआप टाकळा उगवला. दिघाशीच्या मातीतून बी आलं असणार. वन्संनी तो उपटला नाही, पानंही तपासून घेतली. मग एका शुक्रवारी, लूमना सुट्टी असल्याने आळीत शांतता असताना, त्यांनी कोवळा पाला खुडला, चण्याची डाळ घालून भाजी केली आणि एकटीचं ताट वाढून घेतलं. मी म्हटलं, मलाही वाढा. "नको," त्या म्हणाल्या. "हे वर्ष मी एकटी खाऊन बघते. पुढच्या वर्षी सगळ्यांना." तपासणीचा कागद समोर असून त्यांना स्वतःच्या हातचं दुसऱ्याला वाढायचा धीर होत नव्हता.

हे जिन्यात उभे होते, कधी उतरले ते मला कळलं नाही. आत आले, मांडणीवरचं ताट घेतलं, बहिणीसमोर पाट ओढला आणि बसले. वन्संनी कढई स्वतःच्या मागे सरकवली. ह्यांनी हात लांब करून ती पुढे ओढली आणि स्वतःच वाढून घेतलं, चांगलं दोनदा. वन्सं नको नको म्हणत राहिल्या, हे जेवत राहिले. मग त्याही जेवू लागल्या.

"मीठ कमी पडलंय," थोड्या वेळाने वन्सं म्हणाल्या.

"चालतंय," हे म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.